डायरी लिहून स्वतःबद्दल खरंच काही कळतं का?

सायसाखर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

डायरी सुरू कशी करावी यावर इथे भरपूर चर्चा झाली आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. मी लिहिते, नियमित लिहिते. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

जुन्या वह्या सलग वाचल्या तर मजकूर एकच निघतो. मॅनेजर काय म्हणाला, त्यावर मला काय म्हणायचं होतं, सासूबाईंचा एखादा शब्द, लेकाचा अभ्यास, मी किती दमले आणि सोमवारपासून चालायला जाणार. तारखा झाकल्या तर २०१९ चं पान कुठलं आणि २०२३ चं कुठलं हे मलाच सांगता येणार नाही. लिहून हलकं वाटतं म्हणतात, तेही दर वेळी वाटत नाही. नऊ वाजता विसरलेला टोमणा अकरा वाजता वहीत उतरवताना पुन्हा झोंबतो आणि झोपेचं खोबरं होतं.

रीलमधलं जर्नलिंगही बघून झालं. रंगीत टेप, सुकलेली फुलं आणि 'आज तू स्वतःला कशासाठी माफ करशील?' असले प्रश्न. हा प्रश्न जरा आपल्या आईच्या आवाजात ऐकून बघा. हसूच येतं.

तर जे बरीच वर्षं लिहितायत त्यांना विचारते: न लिहिता कळलंच नसतं असं स्वतःबद्दल काही कळलं का? कळलं असेल तर नेमकं काय लिहिल्यामुळे? 'लिहीत राहा, आपोआप उलगडेल' हे उत्तर कृपया नको. उलगडायची वाट बघता बघता वह्यांचा गठ्ठा झालाय.

---

फाटका_खिसा

रुमाल टाकून ठेवतो. आमची डायरी दर वर्षी ९ जानेवारीच्या आसपास वारते, त्यामुळे जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

तिरकस_रेघ

स्वतःला ओळखायला डायरी कशाला? लग्न करा, दुसरी पार्टी रोज सांगते. (हलके घ्या.)

आता गंभीरपणे. माझ्या आईने जन्मात डायरी लिहिली नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असायचं आणि त्याच्या चौकटीत बारीक अक्षरात दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या दांड्या, 'नणंद आली', 'नणंद गेली'. एवढ्यावर तिला घराचं सगळं कळायचं. सिलिंडर आठवडाभर आधी संपला की चौकटी मागे मोजत जायची आणि वडिलांना सांगायची, या महिन्यात तुमचे मित्र चार वेळा जेवून गेलेत. ना भावना, ना माफी. स्वतःचा शोध वगैरे ही पोटभर जेवलेल्यांची फॅशन आहे, असं माझं मत. दगड मारणाऱ्यांनी रांगेत यावं.

---

जाईजुई

दगड नाही मारत, तिरकसभाऊ. तुमच्या आईंकडे परत येते, त्या माझ्या उपयोगाच्या आहेत.

सायसाखर, मी समुपदेशन करते, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी समोर बसलेला असतो. 'लिहिल्यावर हलकं वाटत नाही' या तुमच्या तक्रारीचं उत्तर १९८६ पासून छापून आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना खोली किंवा पायातले बूट असल्या निरुपद्रवी गोष्टींवर, बाकीच्यांना आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक अनुभवावर. या बाकीच्यांचेही तीन गट होते. एकाने फक्त घटना लिहायची, दुसऱ्याने फक्त भावना, तिसऱ्याने दोन्ही. पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या त्या दोन्ही लिहिणाऱ्यांच्या. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, लिहून उठल्या उठल्या याच मुलांचा मूड जास्त वाईट होता, रक्तदाबही वाढलेला होता. तेव्हा अकरा वाजता टोमणा पुन्हा झोंबला तर तुमच्यात काही बिघाड आहे असं समजू नका. रात्री झोपायच्या आधीची वेळ मात्र बदला. हे लिखाण संध्याकाळी हातपाय धुऊन चहा घेतल्यावर करा.

पेनेबेकर यांनी पुढे अशा लिखाणातले शब्द मोजले. ज्यांना फायदा झाला त्यांच्या पहिल्या दिवसाच्या आणि शेवटच्या दिवसाच्या मजकुरात फरक होता. 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं' या जातीचे शब्द दिवसागणिक वाढत गेले होते. म्हणजे चारही दिवस तीच गोष्ट त्याच शब्दांत लिहिली तर लाभ नाही, गोष्ट हलली पाहिजे. तुमची दुसरी तक्रार, मजकूर एकच निघतो ही, इथे येऊन बसते.

फार डोक्यावर घेऊ नका, हेही सांगते. २००६ मध्ये जोआन फ्रॅटारोली यांनी अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. परिणाम चांगला, पण छोटा निघाला. चमत्कार वगैरे रीलवाल्यांना विकू द्या.

आता तिरकसभाऊंच्या आई. त्यांना कळायचं, कारण त्या मागे जाऊन चौकटी मोजत होत्या. लिहिणारे खूप असतात, मागे जाणारे फार थोडे.

---

सायसाखर

जाईजुईताई, खूप आभार. वेळेचं लगेच बदलते. पण 'गोष्ट हलली पाहिजे' हे जमवायचं कसं? मॅनेजरचा राग आला तर आला. त्याला 'कारण' जोडायला गेले की कारण म्हणून मॅनेजरच येतो.

---

जाईजुई

हाहा, येणारच. म्हणून 'का' ऐवजी 'काय' विचारा. का राग आला म्हटलं की मन वकीलपत्र घेतं. राग येण्याच्या क्षणी डोक्यातून नेमकं काय वाक्य गेलं, हे विचारलं की वेगळं काही हाती लागतं.

आमच्याकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या पद्धतीत तीन रकाने करतात. घटना, त्या वेळचा विचार, परिणाम. मराठीत ही विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली, त्यामुळे इथे अनेकांना ठाऊक असेल. मधला रकाना भरायलाच सगळ्यात त्रास होतो. 'मॅनेजरने सगळ्यांसमोर फाइल परत केली' ही घटना. 'रात्री जेवले नाही' हा परिणाम. मधे बऱ्याच जणींचं पेन थांबतं, आणि मग येतं 'सगळ्यांना वाटलं असेल हिला काही येत नाही'. हे वाक्य मॅनेजर बोललेलाच नसतो.

---

माणिकचमन

राम राम मंडळी. शेतकरी माणूस आहे, निफाड तालुका, द्राक्षबाग. लिहिण्याची सवय बागेमुळे लागली, स्वतःला शोधायला नाही. पण ताईंनी नेमकं विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो.

निर्यातीचा माल करायचा तर बागेची वही ठेवावीच लागते. कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती लिटर पाण्याला किती, काढणीला किती दिवस बाकी. युरोपला कंटेनर जाण्याआधी रेसिड्यूची (मालात उरलेल्या औषधाची) तपासणी असते, तिथे तोंडी काही चालत नाही. आमच्याकडे इंग्रजी तारखेपेक्षा छाटणीपासून कितवा दिवस हे मोठं. गोडी छाटणी (फळासाठीची) झाली की दिवस मोजायला सुरुवात. पोंगा (कोंब फुटणं), फुलोरा, सेटिंग (मणी धरणं), मण्यात पाणी उतरणं, सगळी भाषा त्या आकड्यांची. दोन शेतकरी भेटले की 'कसा आहेस' नंतर 'कितवा दिवस' हाच प्रश्न.

वहीच्या उजव्या टोकाला शेऱ्याचा रकाना असतो. त्यात खरं तर 'वारा होता', 'नोझल चोकअप' असं लिहायचं. मी त्यात एक-दोन शब्द माझे पण टाकायला लागलो. एक पान जसंच्या तसं देतो:

'दिवस ३८. पहाटे धुकं, दिवसभर ढग. डाऊनीचा फवारा, दुपारी परत. झोप तीन तास. शेरा: धाकट्यावर ओरडलो. जेवलो नाही.'

एवढंच. (डाऊनी म्हणजे ढगाळ हवेत पसरणारा बुरशीचा रोग.) भावना-बिवना लिहायला वेळ नसतो, ट्रॅक्टर चालू असतो.

मला स्वतःबद्दल पक्कं वाटायचं की मी पैशाच्या ताणाने चिडतो, आणि धाकटा भाऊ वाटणीचा विषय काढतो म्हणून चिडतो. घरात पण सगळ्यांना हेच वाटायचं. एका मे महिन्यात, माल गेलेला, हात रिकामे, म्हणून मागच्या काही हंगामांच्या वह्या समोर घेऊन बसलो. औषधांचा खर्च काढायचा होता. शेऱ्याचा रकाना ओळीने वाचत गेलो तर वेगळंच निघालं. पैशाची खरी ओढाताण ऑगस्ट-सप्टेंबरात असते. सोसायटीचं कर्ज डोक्यावर, छाटणीची मजुरी समोर, हातात दमडी नाही. त्या महिन्यांत शेरा एक तर कोरा, नाही तर 'बरं'. मुलांना यात्रेला नेल्याची नोंदसुद्धा त्यातच. ओरडलो, आपटलो, जेवलो नाही हे सगळं ढगाच्या दिवसांत, फुलोऱ्यापासून सेटिंगपर्यंत. भाऊ समोर असो वा नसो. एका वर्षी तो लग्नाला परगावी होता तर मी मजुरांवर ओरडलोय. आणि प्रत्येक वेळी त्याच ओळीत झोप तीन तास, चार तास.

म्हणजे मला गरिबी सहन होते, वाट बघणं सहन होत नाही. आभाळाकडे बघत बसायचं आणि हातात काही नाही, हे झालं की जो समोर सापडेल त्याला धरतो. हे मला कुणी तोंडावर सांगितलं असतं तर मी त्यालाही धरलं असतं. माझ्याच अक्षरात होतं म्हणून ऐकलं.

बदल काय केला? स्वभाव बदलला नाही, तो कुठला बदलायला. फक्त फुलोऱ्याच्या दिवसांत घरात वाटणी, सोयरीक, उधारी हे विषय बंद. भावाला वही दाखवली. तो आधी हसला, मग म्हणाला, दादा, माझ्यावरचा आळ गेला. घरची मंडळी आता ढग आले की पोरांना सांगतात, बाबांशी आज कामापुरतं बोला.

मोठा प्रतिसाद झाला, माफी असावी.

---

फाटका_खिसा

दादा, दंडवत. 'माझ्याच अक्षरात होतं म्हणून ऐकलं' या वाक्यासाठी धागा वाचनखुणांत.

---

तिरकस_रेघ

बघा, हेच म्हणत होतो मी. भावना नाहीत, नुसत्या नोंदी. माझी आई जिंकली.

---

जाईजुई

अर्धी जिंकली. 'ओरडलो, जेवलो नाही' ही भावनाच आहे, फक्त तिला विशेषणं लावलेली नाहीत. पेनेबेकर यांच्या प्रयोगात नुसत्या घटना लिहिणाऱ्यांना फायदा झाला नव्हता, हे विसरू नका. माणिकचमन दादांच्या ओळीत ढग, झोप आणि ओरडणं शेजारी शेजारी आहे, म्हणून त्यातलं नातं दिसलं. नुसतं 'ओरडलो' असतं तर दर वर्षी भावावरच खापर फुटलं असतं.

यावरून मॅरियन मिल्नर आठवल्या. लंडनची बाई, १९२०च्या दशकात विशीतच होती. आपल्याला नक्की कशाने आनंद होतो हे आपल्यालाच माहीत नाही, असा तिला संशय आला. मग ती रोज लिहू लागली, कशाने बरं वाटलं. काही वर्षांच्या अशा नोंदींवर तिने १९३४ मध्ये टोपणनावाने पुस्तक काढलं. तिचा निष्कर्ष असा की, आपल्याला आनंद देतं असं तिला वाटत होतं ते आणि वहीत प्रत्यक्ष सापडलं ते वेगळंच होतं. वहीतल्या गोष्टी बारीकसारीक होत्या, आणि आपण लक्ष कसं देतो यावर त्या अवलंबून होत्या. पुढे ती मनोविश्लेषक झाली. निफाड आणि लंडन, पद्धत तीच.

---

मोडीवाली

मी सहसा वाचनमात्र असते, पण इथे एक गोष्ट कुणीच काढलेली नाही. वही दुसऱ्याने वाचली तर?

आमचं एकत्र कुटुंब. कपाटाला कुलूप लावलं की 'असं काय आहे आत' हा प्रश्न येतो. माझी वही वाचली गेली होती. कुणी ते सांगत नाही. तिच्यातली दोन वाक्यं ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटावर मला ऐकवली गेली. त्यानंतर मी जे लिहायचे ते वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून. 'आज घरातल्यांनी मला किती सांभाळून घेतलं' छापाचं. ती डायरी पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखी झाली होती.

मग मोडी शिकले. शाळांतून मोडी गेली त्याला साठ-सत्तर वर्षं झाली, घरात कुणाला ओ की ठो कळत नाही. आधी आडवी रेघ आखून घ्यायची आणि तिला लटकवत, हात न उचलता अक्षरं ओढायची. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, शुद्धलेखनाची धास्ती नाही. सुरुवातीला एका पानाला तास लागायचा. त्याचा फायदा असा झाला की फणफणून लिहिताच येईना. हात सावकाश चालतो, तोवर रागाचं पहिलं वाक्य शिळं होतं आणि मागचं दुसरं वाक्य पुढे येतं.

त्या दुसऱ्या वाक्यांतून मला कळलं की मला माझ्या सख्ख्या बहिणीचा हेवा वाटतो. तिच्या नोकरीचा नाही, पैशाचा नाही. ती दुपारी एकटी घरी असते, त्याचा. देवनागरीत हे मी कधी लिहिलं नसतं, आणि न लिहिता स्वतःशी कबूलही केलं नसतं. मी आता आठवड्यातून एक दुपार गावातल्या वाचनालयात जाऊन बसते. घरी सांगून जाते, हेही लिहिते.

---

तिरकस_रेघ

मोडीवाली ताई, आपल्याला मनापासून सलाम, पण सावध करतो. सॅम्युअल पेपिस नावाच्या लंडनच्या अधिकाऱ्याने १६६० ते १६६९ अशी डायरी लघुलिपीत लिहिली, बायकोला कळू नये अशा पुष्कळ गोष्टींसकट. १८२५ मध्ये ती उलगडून छापली. तुमच्या पणतीने मोडीचा क्लास लावला म्हणजे संपलं.

---

मोडीवाली

पणतीने वाचली तर वाचू दे. जावेने वाचू नये एवढंच.

---

टाचणवही

निवृत्त शिक्षिका. मोडीवालीचं दुःख समजतं, पण दुसरी बाजू मांडते. डायरी दुसऱ्याने वाचायची म्हणूनच लिहायची, अशीही परंपरा आपल्याकडे आहे. १९३० च्या दांडीयात्रेत गांधीजींनी सोबत चालणाऱ्यांना तीन नेम घालून दिले होते: प्रार्थना, सूतकताई आणि रोजची डायरी. मनूबेन गांधींच्या डायरीवर तर ते वाचून सही करत. तिथे डायरी म्हणजे हिशेब देणं, स्वतःला आणि ज्याला मानतो त्यालाही.

मी शाळेत हा प्रयोग केला होता. सातवीच्या मुलांना शेवटची दहा मिनिटं स्वतःबद्दल लिहायला द्यायचे आणि वह्या तपासायचे. महिनाभर सगळी मुलं पहाटे उठत होती, आईला मदत करत होती, खोटं बोलत नव्हती. वर्गात तर मारामाऱ्या चालूच. मग तपासणं बंद केलं, फक्त लिहिलंय की नाही ते लांबून बघायचे. तेव्हा मुलं माना खाली घालून, हाताने वही झाकून लिहायला लागली. तेव्हा गांधीजींसाठी काहीही असो, सातवी ब साठी मोडीवालीच बरोबर.

आणि जाईजुईने मागे जाण्याबद्दल म्हटलं त्यावर. ॲन फ्रँकची डायरी आपण सगळ्यांनी वाचलेली असते, पण एक जागा निसटते. जानेवारी १९४४ मध्ये ती जुनी पानं चाळते आणि आईबद्दल आपण किती तावातावाने लिहिलंय हे बघून हादरते. जुनं पान ती फाडत नाही. शांतपणे, आपण तेव्हा असं का लिहिलं असेल याचा विचार नव्या पानावर करते. एका जुन्या नोंदीखाली तर नंतरची तारीख घालून शेरा लिहिते की आता मला असं लिहिता येणार नाही. चौदा वर्षांची मुलगी, लपून राहिलेली. सायसाखर, तुझ्या वह्यांत समासाला जागा आहे का? असेल तर आजच्या तारखेने, वेगळ्या शाईने, जुन्या पानांच्या समासात लिहून बघ.

---

आजचा_दिवस

नाव-गाव सांगत नाही, आमच्या संगतीत तशीच रीत आहे. ज्यांना कळायचं त्यांना आयडीवरून कळलं असेल.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सोडणाऱ्यांची आमची संगत, तिची सुरुवात १९३५ ची, अमेरिकेतल्या ॲक्रन शहरातली. बारा पायऱ्यांतली चौथी म्हणजे स्वतःचा निर्भय नैतिक आढावा, आणि तो लिहून काढायचा. रागाची यादी रकान्यांत करतात. कुणाचा राग, कशाबद्दल, त्याने माझं काय दुखावलं, आणि शेवटी या सगळ्यात माझा वाटा काय. पहिले तीन रकाने झरझर भरतात. माझ्या यादीत वडील, मेहुणा, दोन साहेब, एक मेलेला मित्र. चौथ्या रकान्याला पेन दिवसच्या दिवस अडतं.

मला जे कळलं ते तिसऱ्या रकान्यात. माणसं वेगळी, भांडणं वेगळी, वर्षं वेगळी, आणि प्रत्येकापुढे मी एकच लिहिलं होतं: चारचौघांत मान गेला. मी मला दिलदार, बेफिकीर समजत होतो.

पण इथे सगळे वहीपाशी थांबतायत. आमच्यात चौथीनंतर पाचवी आहे. जे लिहिलं ते दुसऱ्या एका माणसासमोर वाचून दाखवायचं. मी वाचत असताना समोरचा ज्या जागी हसला त्या जागा मला दिसल्याच नव्हत्या. तो हसला कारण त्याच्या यादीतही तेच होतं. एकट्याने लिहिलेल्या कागदावर मी फार भारी माणूस दिसत होतो, वाईट असलो तरी भारी.

---

सायसाखर

आजचा_दिवस, तुमचा प्रतिसाद थांबून थांबून वाचला. तुम्ही म्हणता तसं ऐकणारं माणूस माझ्याकडे आहे का, हेच आधी शोधायला लागेल. नवरा चांगला आहे, पण तो ऐकता ऐकता उपाय सांगतो.

---

आजचा_दिवस

उपाय सांगणारा चालत नाही. ओळखीतला नसला तरी चालतो.

---

जाईजुई

पूर्ण अनुमोदन. आणि इथेच एक इशारा देऊन ठेवते, कारण धागा पुढे बरेच लोक वाचतील.

लिहिणं सगळ्यांना सगळ्या वेळी मानवत नाही. २०१३ मध्ये डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी नुकतेच जोडीदारापासून विभक्त झालेल्या ९० जणांवर अभ्यास केला. जे आधीच 'हे असं का झालं' याचा अर्थ लावण्यात गुरफटले होते, त्यांना मन मोकळं करणाऱ्या लिखाणाने सावरायला मदत झाली नाही. उलट रोजच्या साध्यासुध्या घडामोडी लिहिणारे त्यांच्यासारखेच लोक अधिक बरे राहिले. म्हणजे घाव ताजा असेल आणि डोकं आधीच गरागरा फिरत असेल तर वही बंद ठेवा. किंवा मग कालनिर्णयवाल्या आईंसारखं लिहा: दूध, गॅस, किती वाजता झोपले.

आणि वहीत पुन्हा पुन्हा जगणं नकोसं झाल्याचं येत असेल तर ते वहीपुरतं ठेवायचं नाही. घरातल्या माणसाला, डॉक्टरला सांगा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

---

तिरकस_रेघ

आईचा तिसऱ्यांदा उल्लेख झाला. तिला सांगितलं. म्हणाली, 'त्या बाईंना सांग, आता गॅसचा मेसेज मोबाइलवर येतो, कॅलेंडरवर कोण लिहितंय.'

---

सायसाखर

तिरकस, आईंना नमस्कार सांगा.

मधल्या काळात टाचणवहीताईंचा उपाय करून बघितला. हिरवी शाई घेऊन २०१९ च्या वहीच्या समासात लिहायला बसले. पहिल्या काही पानांवर 'बरोबर', 'अगदी', 'अजूनही तसाच आहे' एवढंच सुचलं. मग एका पानावर अडकले. मॅनेजरवर दीड पान तावातावाने लिहिलंय आणि शेवटी एक ओळ: 'आज निघताना तिच्याशी बोलले नाही.' ती कोण? नाव नाही. बराच वेळ आठवेना. मग आठवलं, माझ्या शेजारच्या डेस्कवरची मुलगी, जिने त्या मीटिंगमध्ये माझी बाजू घेतली होती. पुढच्या महिन्यात ती नोकरी सोडून गेली. मॅनेजरवर दीड पान आणि तिच्यावर एक ओळ. पुढची पानं चाळली, ती परत कुठेच नाही.

आता बाकीच्या वह्यांत ही अशी एका ओळीची माणसं शोधतेय. भांडणांची पानं सरळ उलटते.

---

टाचणवही

छान. सासूबाईंच्या पानांवर जास्त शोध. आणि हिरवी शाई फिकट होऊ शकते, काळी वापर.

---

फाटका_खिसा

एक बाळबोध शंका. हे सगळं मोबाइलवर टाइप करून चालेल का? वही माझ्याच्याने होत नाही. आणि माणिकचमन दादा, शेऱ्याच्या रकान्यात रोज काही ना काही लिहायचंच, की आठवेल तेव्हा?

---

माणिकचमन

मोबाइलचं ताई सांगतील. माझा एक नियम आहे: फवारा मारला नाही त्या दिवशी पण ओळ लिहायची, 'काही नाही' असं लिहायचं. कोरी जागा सोडली की नंतर कळत नाही, त्या दिवशी बरं होतं की लिहायला जीवच नव्हता. वर्षाची वही छापील घेऊ नका, ९ तारखेला गाडी चुकली की वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. साधी दोनशे पानी घ्या, तारीख हाताने टाका, कधीही चालू होते.

उद्या डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) आहे, चार वाजता उठायचंय. बाकी प्रतिसाद परवा बघतो.

---

जाईजुई

मोबाइलवर चालेल, फाटका_खिसा. फक्त जे ॲप रोज 'तुमची सलग नोंद तुटली' म्हणून टोचतं ते घेऊ नका, तुमचा इतिहास बघता तुम्ही ॲपच उडवाल. साध्या नोट्समध्ये लिहा आणि महिन्याच्या शेवटी एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. तिरकसभाऊ, तुम्हीही.

---

तिरकस_रेघ

मला काय कळायचं राहिलंय? (एक दोनशे पानी आणलीय. कुणाला सांगू नका.)